दिल्लीची लँड क्रूझर, एमएच-१९ची पाटी आणि दुसऱ्यांदा भरायचा टॅक्स

केळीबागायतदार (रावेर)
चुलतभावाने दिल्लीत एक लँड क्रूझर बघून ठेवलीय. २०१८ची, डिझेल, जपानहून पूर्ण तयार आलेली, एकहाती वापर. दिल्लीत २०२५पर्यंत डिझेल गाडीला १० वर्षांची धास्ती होती. २०१५मध्ये हरित लवादाने आदेश दिला आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, तेव्हापासून तिकडचे मालक सात-आठ वर्षांतच गाडी विकायला काढू लागले. इथपर्यंत माझी काही हरकत नाही.

हरकत पुढच्या बेताला आहे. तो म्हणतो, गाडी आणायची आणि दिल्लीच्याच नंबरवर फिरवायची. बारा महिने चालतं म्हणे. बारा महिने भरत आले की बऱ्हाणपूरच्या पुढे एक चक्कर, गाडी राज्याबाहेर गेल्याचा पुरावा म्हणून टोलची पावती खिशात, की पुन्हा बारा महिने मोकळे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ मी वाचलंय. ते बारा महिने स्वतःची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या माणसासाठी आहेत. आपण गाडी *विकत* घेतोय. मालकी बदलली की कलम ५० लागतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या राहत्या जागेच्या आरटीओला कळवायचं, आणि रावेरवाल्याचं आरटीओ जळगाव, म्हणजे एमएच-१९. टोलच्या पावतीला इथे काडीची किंमत नाही. मी त्याला सांगितलं, करायचं तर आत्ताच रीतसर कर. तुमचं काय मत?

साक्रीकर
कायदा बरोबर सांगितला आप्पा, पण न्याय कुठे आहे? त्या गाडीवर दिल्लीत एकरकमी टॅक्स भरलाय. फास्टॅग देशभर चालतो, लायसन्स देशभर चालतं, विमा देशभर चालतो. टॅक्स तेवढा सेंधव्याला राज्याची हद्द ओलांडली की संपतो? त्यात इंपोर्टेडला महाराष्ट्रात २० टक्के. इथल्या डिझेल गाडीला किमतीप्रमाणे १३ ते १५, आणि ही बोटीतून आली म्हणून २०! खड्डे तर दोघींना सारखेच.

बरं, २०२१मध्ये भारत सिरीज (बीएच) काढली, राज्य बदललं तरी नंबर तोच; ती कोणासाठी? सरकारी नोकर, लष्करातले आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपन्यांचे नोकर. शेतकऱ्याने बीएच नंबर मागितला तर हसतील. तुमचा भाऊ पळवाट शोधतोय, पण ती शोधायला त्याला भाग कोणी पाडलं?

शहाद्याचा नाना
गाडी मनी, पैसा मना, मंग पाटी दिल्लीनी ऱ्हायनी तं कोनले काय तरास?

भुसावळ जंक्शन
नाना, त्रास गाडी ठोकली की कळतो.

साक्रीकर, वाहनावरचा कर राज्यघटनेतच राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे एक देश एक टॅक्स व्हायला दिल्लीत बसून एक परिपत्रक काढणं पुरणार नाही. शिवाय जुन्या गाडीला पूर्ण २० टक्के लागत नाहीत, वयाप्रमाणे कमी होत जातात. इथे नोंदणी झाली की आधीच्या राज्याकडे उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. तो मिळवताना चपला झिजतात हे मान्य. म्हणून परतावा कोणी घ्यायचा आणि कागदांवर सही कोण करणार, हे सौद्यातच ठरवा. पैसे दिल्यावर मालक फोन उचलेलच असं नाही.

आणि क्रम चुकवू नका. आधी तिथली एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. मग इकडे मालकी बदलायला २९, ३० आणि नव्या नंबरासाठी २७. इंपोर्टेड असल्याने कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागदसुद्धा मागून घ्या. नसेल तर मी त्या गाडीला हातसुद्धा लावणार नाही.

चोपडा रोड
एक गल्लत नेहमी होते. परदेशी नाव म्हणजे इंपोर्टेड नव्हे. मर्सिडीजच्या बऱ्याच गाड्या चाकणला जोडल्या जातात, बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळ. त्यांना २०चा दर नाही. माझ्या साल्याच्या चाकणच्या गाडीला एका आरटीओत नुसता बिल्ला बघून इंपोर्टेडचा हिशोब लावला होता. फॉर्म २२ (गाडी बनवणाऱ्या कंपनीचा दाखला) आणि मूळ बिल पुढे ठेवल्यावर आकडा खाली आला. लँड क्रूझरला ही सुटका नाही.

साक्रीकर
म्हणजे साल्याने कागद दाखवले नसते तर जादाचे पैसे गेले होते. माझंही म्हणणं हेच आहे! सरळ वागणाऱ्यालाच वकील व्हावं लागतं.

केळीबागायतदार (रावेर)
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यामुळे टोलच्या पावतीचा बेत शहाणपणाचा ठरत नाही.

दुसरा प्रश्न. गाडी आणायची कशी? कॅरिअर ट्रकवर की चालवत?

शहाद्याचा नाना
वाळवंटात पळायला केलेली गाडी ट्रेलरवर आणायची म्हणजे बैलाले टेम्पोमा घालीसन वावरमा नेवानं.

भुसावळ जंक्शन
हसू आलं, पण नानांशी अर्धाच सहमत आहे. गाडी कणखर आहेच. ग्वाल्हेर, इंदूर, खंडवा, बऱ्हाणपूर आणि तिथून अंकलेश्वर रस्त्याने रावेर, दोन दिवसांत आरामात. पण विमा कोणाच्या नावावर आहे? थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. तो १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो. इंदूर-खंडव्याच्या मधल्या घाटात किंवा बऱ्हाणपूरच्या अलीकडे कोणी मागून ठोकलं, तर खर्च कोणाच्या खिशातून?

चोपडा रोड
कॅरिअरवालेही काही देव नाहीत. आमची खाली बसकी सेडान आली तेव्हा पुढचा बंपर रॅम्पला घासलेला होता. चढवताना फोटो काढले नव्हते, पावतीवर ‘जसे आहे तसे’ लिहिलेलं, हातात भोपळा. चढवण्याआधी चारही बाजू, टायर आणि मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ ड्रायव्हरसमोर काढा, आणि ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा विमा, लेखी मागा. फोनवरच्या “सब इन्शुअर्ड है साब”वर जाऊ नका.

साक्रीकर
तरी मी चालवतच आणीन. कॅरिअरच्या भाड्यात डिझेल निघून वर धाब्यावरचं जेवण होतं.

केळीबागायतदार (रावेर)
भाऊ हे सगळं वाचतोय. मालक एनओसी काढून द्यायला तयार झालाय. निम्मे पैसे आता, निम्मे एनओसी हातात आल्यावर. गाडी चालवतच आणायची, पण विमा नावावर झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, एवढं कबूल करून घेतलंय. टॅक्सच्या नावाने अजून बोटं मोडतोय, आणि साक्रीकरांच्या बाजूने मत देतोय.

आता म्हणतो, भरायचेच आहेत तर एमएच-१९मध्ये पसंतीचा नंबर घेईन. त्याची फी वेगळी लागते, हे मी अजून सांगितलेलं नाही.