गवताच्या कोर्टाने आपल्याला जिंकवले की अडकवून ठेवले?

रामबागकर (इंदूर):

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या पुरुष संघाने टेनिसच्या डेव्हिस कपमध्ये स्वित्झर्लंडला त्यांच्याच बील शहरात ३-१ असे हरवले. युरोपातल्या संघाला युरोपात जाऊन हरवण्याची कामगिरी आपल्या संघाने १९९३ नंतर प्रथमच केली, हे वाचले तेव्हा आनंद तर झालाच, पण त्याबरोबर मनात एक प्रश्न उभा राहिला आणि तो अजून जात नाही. मधली बत्तीस वर्षे आपण काय करत होतो?

ज्यांना या स्पर्धेची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. डेव्हिस कपमध्ये, आताचा अंतिम टप्पा सोडला तर, दोन देशांच्या लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने असतात आणि कोर्ट कोणत्या प्रकारचे असावे हे यजमान देश ठरवतो. या अधिकाराचा वापर करून आपण वर्षानुवर्षे पाहुण्यांना गवतावर खेळवले. माझे स्पष्ट मत असे आहे की १९८७ पर्यंत हे गवत आपले खरे बळ होते आणि त्यानंतर तो आपला आडोसा झाला.

१९८७ हेच वर्ष का, तेही सांगतो. १९७४ पर्यंत अमेरिकन ओपन गवतावर होत असे आणि ऑस्ट्रेलियन ओपन १९८७ पर्यंत गवतावर होती. म्हणजे रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले तेव्हा चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावरच होत होत्या. कोलकात्याच्या साउथ क्लबच्या हिरवळीवर घडलेला खेळाडू त्या काळी जगाच्या मुख्य प्रवाहातच खेळत होता. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन कृत्रिम कोर्टावर गेली आणि गवत वर्षातल्या काही आठवड्यांपुरते उरले. जग बदलले, पण आपण मात्र बलाढ्य संघ येणार असे कळले की पुन्हा गवताकडे वळत राहिलो. फेब्रुवारी २०१९ मध्ये इटलीला आपण कोलकात्यात गवतावर खेळवले आणि १-३ असे हरलो. आपली मुले वर्षभर हार्ड कोर्टवर, म्हणजे कठीण कृत्रिम कोर्टवर, खेळतात. त्यांना थोड्या दिवसांच्या सरावावर गवतावर उतरवून आपण नेमका कोणाचा फायदा करून दिला? इटलीच्या बेरेत्तिनीने त्याच वर्षी जूनमध्ये श्टुटगार्टची गवतावरची स्पर्धा जिंकली आणि पुढे २०२१ मध्ये तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीतही गेला.

इतरांचे मत ऐकण्याची इच्छा आहे.

स्नेहलतागंज:

रामबागकर, आपला विषय योग्य आहे, परंतु ‘आडोसा’ हा शब्द मला मुळीच मान्य नाही.

१९८७ च्या अंतिम लढतीत स्वीडनने आपल्याला कुठे खेळवले, ते आठवून पाहा. डिसेंबर महिना, गोथेनबर्ग शहर, बंदिस्त सभागृह आणि त्या सभागृहात मुद्दाम तयार केलेले मातीचे कोर्ट. आपण ०-५ असे हरलो. संघात विलांडरसारखा मातीवरचा विजेता असणाऱ्या स्वीडनला ती माती कशासाठी लागली? कारण समोर रमेश कृष्णन आणि विजय अमृतराज होते आणि त्यांचा खेळ खाली राहणाऱ्या, जलद सरकणाऱ्या चेंडूवर खुलतो हे स्वीडनला ठाऊक होते. त्यांच्या त्या निवडीला कोणी आडोसा म्हटले नाही. मग आपण गवत निवडले की लगेच आपल्याच लोकांनी खाली मान घालावी, हे मला पटत नाही.

आता गवताने आपल्याला काय दिले ते सांगते. १९६६ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्यात ब्राझीलविरुद्धची लढत २-२ अशी अडली होती. पाचव्या सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्यासमोर डावखुरा टोमाझ कॉख होता. तीन सेट झाले तेव्हा कॉख दोन-एक असा पुढे होता आणि चौथ्या सेटमध्ये त्याच्याकडे ५-२ अशी आघाडी होती. आणखी एक गेम, आणि सारे संपले असते. तिथून कृष्णन यांनी सलग पाच गेम जिंकून तो सेट ७-५ असा घेतला आणि पाचवा ६-२ असा. कृष्णन यांची सर्व्हिस कधीच जोरकस नव्हती. चेंडू हळुवार, नेमक्या जागी ठेवून समोरच्याला पुढे-मागे पळवायचे ही त्यांची पद्धत होती, आणि जिथे चेंडू गुडघ्याच्या वर फारसा येत नाही त्या हिरवळीवर त्या नजाकतीला धार चढते. त्या विजयामुळेच भारत मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध अंतिम लढत खेळू शकला. तिथे आपण १-४ हरलो, पण तो एक गुण कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम आणि रोश या जोडीला हरवून मिळवलेला होता.

१९८७ मध्येही तसेच झाले. अर्जेंटिनाचे खेळाडू लाल मातीवर वाढलेले. दिल्लीच्या गवतावर विजय अमृतराज यांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मार्टिन जाइतेविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून सामना फिरवला. तीच लढत ब्यूनस आयर्सच्या मातीवर झाली असती तर त्या वर्षीची आपली कहाणी पहिल्याच फेरीत आटोपली असती. ज्या देशाकडे एका वेळी दोनच चांगले एकेरी खेळाडू असतात, त्याने आपल्या अंगणाचा उपयोग केला तर त्यात गैर काय?

रामबागकर:

स्नेहलतागंज ताई, कॉखच्या सामन्याचे आपण केलेले वर्णन वाचून बरे वाटले. ती लढत मला कोणी रात्रभर सांगत बसले तरी मी ऐकेन. पण आपली दोन्ही उदाहरणे १९८७ पर्यंतचीच आहेत, आणि तिथपर्यंत माझे आपल्याशी भांडण नाहीच. त्या वर्षी उपांत्य लढतीत आपण सिडनीला जाऊन ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले, रमेश कृष्णन यांनी निर्णायक सामन्यात वॉली मसूरला तीन सेटमध्ये नमवले, तेही गवतच होते आणि यजमान आपण नव्हतो. यालाच मी बळ म्हणतो.

१९९३ घ्या. त्या वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधल्या फ्रेज्यूस गावी, लाल मातीवर, आपण फ्रान्सला ३-२ असे हरवले. वीस वर्षांच्या लिएंडर पेसने लकोंत आणि बोएत्श या दोघांना मातीवर पाणी पाजले. आणि दोनच महिन्यांनी चंदीगडला, आपल्या स्वतःच्या गवतावर, ऑस्ट्रेलियाने आपल्याला ०-५ असे धुतले. मातीवर परक्याच्या घरी जिंकलो आणि हिरवळीवर आपल्या घरी हरलो! त्याच वर्षी आपल्याला कळायला हवे होते की संघ खेळाडूंच्या तयारीवर जिंकतो, कोर्टाच्या रंगावर नाही.

लोकमान्यनगर (इंदूर):

आपण दोघेही कोलकाता, दिल्ली आणि चंदीगडची उदाहरणे देत आहात, पण आपल्या इंदूरची लढत दोघेही विसरलात याचे वाईट वाटते. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०१४ या तीन दिवसांत इंदूर टेनिस क्लबवर भारत आणि चिनी तैपेई यांची लढत झाली आणि भारताने ती ५-० अशी जिंकली. कोर्ट हार्ड होते.

५-० हा आकडा ऐकून लढत सोपी होती असे वाटेल, पण मी तिथे बसलो होतो. पहिल्या दिवशी सोमदेव देववर्मन आणि यांग यांचा सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. थंडीचे दिवस, ऊन उतरलेले, आणि त्या करड्या उजेडात बेसलाइनच्या मागे उभा राहिलेला सोमदेव प्रत्येक चेंडू परत पाठवत होता. एक फोरहँड, मग पुन्हा एक फोरहँड, वीस-वीस फटक्यांच्या रॅली. क्रिकेटवर पोसलेल्या आमच्या शहरात दोन गुणांच्या मध्ये सारे प्रेक्षक श्वास धरून बसलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले. शेवटी चेंडू दिसेनासा झाला आणि सामना थांबवावा लागला. रात्री घरी कोणाचे जेवणात लक्ष नव्हते. दुसऱ्या दिवशी सोमदेवने तो सेट ९-७ असा जिंकला.

हे सांगण्याचे कारण असे. सोमदेव व्हर्जिनिया विद्यापीठात खेळून तयार झाला, २००७ आणि २००८ मध्ये त्याने अमेरिकेची आंतरमहाविद्यालयीन एकेरी जिंकली, आणि त्याला हार्ड कोर्टच हवे होते. त्याच्या काळात आपण चेन्नईला २०१० मध्ये ब्राझीलविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ जिंकलो, तेही हार्ड कोर्टवर. म्हणजे ‘आपण गवताला चिकटून राहिलो’ हे रामबागकरांचे म्हणणे पूर्ण खरे नाही. खेळाडू जसा होता तसे कोर्ट ठेवले गेले. पेस होता तोवर गवत, सोमदेव आला तेव्हा हार्ड कोर्ट. मला यात कोणतीच चूक दिसत नाही.

डेक्कनहून आलेला:

मी मूळचा पुण्याचा, आता नोकरीमुळे इंदूरला असतो. आमच्या घरी १९७४ ची आठवण अजून निघते, कारण त्या वर्षी सोव्हिएत संघाविरुद्धची उपांत्य लढत पुण्यात झाली आणि आपण ती ३-१ अशी जिंकली. त्याआधी कोलकात्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जी लढत झाली तिच्यात एकूण ३२७ गेम खेळले गेले होते. आणि त्यानंतर, वर्णभेदाच्या धोरणामुळे, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची अंतिम लढत खेळायला भारताने नकार दिला आणि कप न खेळता त्यांच्याकडे गेला. तो निर्णय बरोबर होता असे मी मानतो, पण त्या वादात आत्ता शिरत नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. गवतापेक्षा मोठा आडोसा आपण दुहेरीत शोधला. पेस आणि भूपती यांनी डेव्हिस कपमध्ये सलग चोवीस दुहेरी सामने जिंकले. असा विक्रम दुसऱ्या कोणत्याही जोडीच्या नावावर नाही. पेसने २०१८ मध्ये चीनविरुद्ध त्रेचाळिसावा दुहेरी विजय मिळवून इटलीच्या पिएत्रांजेलीचा विक्रम मोडला. हे सारे अभिमानाचे आहे. पण पाचात एक गुण आधीच खिशात आहे असे धरून चालल्यामुळे उरलेले दोन गुण कोण आणणार, या प्रश्नाला आपण तीस वर्षे हात घातला नाही. २०११ मध्ये अव्वल संघांच्या जागतिक गटात पोहोचून सर्बियाकडून १-४ हरलो, तेव्हा हीच उणीव दिसली. बीलमध्ये तर उलट झाले: दुहेरी आपण हरलो आणि तिन्ही गुण एकेरीतून आले.

स्नेहलतागंज:

दुहेरीबद्दलचे म्हणणे मला पटते, आणि त्याने माझीच बाजू भक्कम होते. बीलमध्ये पदार्पण करणाऱ्या दक्षिणेश्वर सुरेशने जेरोम किमला हरवले. हा मदुराईचा उंच मुलगा, मोठी सर्व्हिस असलेला. पण तो घडला अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात. सोमदेव व्हर्जिनियात घडला, हा वेक फॉरेस्टमध्ये. रामबागकर, आपण १९८८ सालीच गवत सोडून दिले असते तरी एकेरीचे खेळाडू इथे कसे तयार झाले असते, ते सांगा. कोर्ट निवडणे हा लढतीच्या आठवड्यातला निर्णय आहे. खेळाडू तयार करायला पंधरा वर्षे लागतात. आपण पंधरा वर्षांच्या आजाराचा दोष एका आठवड्याच्या औषधावर टाकत आहात. मार्च २०२२ मध्ये डेन्मार्कला दिल्लीच्या गवतावर आपण ४-० असे हरवले, तेव्हा ते औषध लागूही पडले होते.

रामबागकर:

ताई, आजार आणि औषध हे आपण बरोबर वेगळे केले, आणि लोकमान्यनगरांनी सोमदेवच्या काळाची आठवण दिली तीही मी मान्य करतो. ‘चिकटून राहिलो’ असा माझ्या म्हणण्याचा सूर होता, तो मागे घेतो. डेन्मार्कविरुद्धचा विजयही नाकारत नाही.

तरीही एक गोष्ट सोडवत नाही. लागू पडणाऱ्या औषधामुळेच आजाराकडे दुर्लक्ष होते. दिल्लीत ४-० जिंकलो आणि पुढच्याच वर्षी त्याच डेन्मार्ककडे जाऊन बंदिस्त कोर्टवर हरलो. गवतावरच्या विजयाने आपल्या संघाची खरी उंची झाकली जाते. संघ निवडणाऱ्यांना वाटते की सगळे ठीक आहे, आणि मग परदेशी गेलो की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो. म्हणून माझी मागणी एवढीच की घरची लढत आपली पोरे ज्या कोर्टवर रोज घाम गाळतात त्याच कोर्टवर व्हावी, मग तिथे हरलो तरी चालेल. निदान हरण्याचे कारण तरी खरे कळेल.

माझा नातू बारा वर्षांचा आहे. इथे रोज सकाळी हार्ड कोर्टवर सराव करतो, आठवड्यातून दोनदा दुहेरी खेळतो. आपला हा सारा वाद मी त्याला काल वाचून दाखवला, कॉखच्या सामन्यासकट. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, गवतावर चेंडू उसळतो तरी का?” त्याने गवताचे कोर्ट अजून पाहिलेले नाही.

लोकमान्यनगर (इंदूर):

मग त्याला या हिवाळ्यात कोलकात्याला घेऊन जा. साउथ क्लबची हिरवळ त्याने एकदा तरी पायाखाली घ्यावी. संघाने कुठे खेळावे यावरचा आपला वाद तोवर थांबणार नाही.