लेकीसाठी पहिला ‘खरा’ कॅमेरा: पैसे बॉडीत घालू की लेन्समध्ये?

ठाणेकर_बाबा: लेक अडीच वर्षांची. मोबाइलमध्ये ढिगाने फोटो आहेत, पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ती पळायला लागली की चेहऱ्याचा नुसता लगदा. बजेट ६५ हजार. माझं मत, कॅनन आर-५० सारखा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा, सोबत मिळणारी १८-४५ एमएम किट लेन्स पुरे. पटत नसेल तर बोला.

काचवेडा: नाही पटत. लगदा होतो तो शटर हळू पडतं म्हणून. पळणाऱ्या पोराला सेकंदाचा १/२५० भाग इतकं वेगवान तरी हवं, आणि ट्यूबलाइटमध्ये त्यासाठी उघडी लेन्स लागते. तुमची किट लेन्स झूम करून ४५ वर नेली की एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ५० एमएम, एफ १.८ ची लेन्स तिच्या बारापट प्रकाश घेते. सेकंडहँड डीएसएलआर (आरसा असलेला, जुन्या पद्धतीचा कॅमेरा) आणि ही लेन्स घ्या, पैसे उरतील.

दोघांची_आई: हे ऐकून मीही तेच केलं होतं! माझ्या कॅनन १५००डी या डीएसएलआरला फोकस धरणारे पॉइंट नऊ, भरवशाचा त्यातला मधला. दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम चार बोटं जाडीचा भाग शार्प येतो. मुलगा तेवढ्यात मान वळवतो, मग कान शार्प आणि डोळे गायब. डोळा पकडून ठेवणारा फोकस ही चैन नव्हे हो. शिवाय ५० एमएमने पोर डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं तर उभ्या फ्रेममध्येही पावणेतीन मीटर मागे जा. आमची खोली दहा बाय दहा. पाठ कपाटाला टेकायची.

मोबाइलच_बरा: आणि कॅमेरा त्याच कपाटात राहणार. पोर पहिल्यांदा सायकल चालवतं तेव्हा बॅगेची चेन उघडत बसणार का? त्यापेक्षा सकाळी गॅलरीत फोटो काढा.

काचवेडा: पोरांचा दंगा सकाळची वेळ बघून होतो वाटतं? खोलीचा मुद्दा मात्र मान्य, मी स्वतः हॉलमध्ये जास्त रुंद दृश्य घेणारी ३५ एमएम १.८ च लावतो. पण फोकसचा एवढा बाऊ नको, लेन्स थोडी मिटून २.८ वर आणा, शार्प भाग जाड होतो, दहात सहा फोटो तरी नीट येतात.

दोघांची_आई: २.८ केलं की प्रकाश निम्म्याहून कमी. मघाचं बारापट कुठे गेलं? २०१९ चा सोनी ए६४०० डोळ्यावर चिकटून राहतो. तो सेकंडहँड बघा, वर ३५ ची १.८. बजेटमध्ये बसत नसेल तर आधी बॉडी, लेन्स दिवाळीला.

काचवेडा: उलट करा, आधी लेन्स! आणि घाई असेल तर एक साधा डोकं वळणारा फ्लॅश घ्या, पोराच्या तोंडावर न मारता छताकडे करा. सगळी खोली उजळते, किट लेन्सही चालून जाते.

ठाणेकर_बाबा: फ्लॅशचं पटलं. पण आमचं छत पोपटी आहे, घरमालकाची हौस.

दोघांची_आई: मग पोर कावीळ झाल्यासारखं दिसेल. ३५ एमएमच घ्या.