लहान भावाला फायर ब्रिगेडमध्ये जायचंय, कोर्स कुठून करावा? (सल्ला हवाय)

बार्शीचा_थोरला
नमस्कार मंडळी. लहान भाऊ १९ वर्षांचा, दहावीला ६१ टक्के, बारावीला ५८. पोलीस भरतीची तयारी करत होता, आता फायर ब्रिगेडचं डोक्यात घेतलंय. इकडच्या एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आला, ते म्हणाले एक वर्षाचा फायर अँड सेफ्टी डिप्लोमा करा, ४५ हजार फी, जॉब शंभर टक्के. भिंतीवर लाल गाडीपुढे उभ्या पोरांचे फोटो बघून गडी खूश. मला काय ते पटेना, पण घरात माझं ऐकतंय कोण, आणि आईचं वेगळंच, आगीत कशाला जातो रे बाबा म्हणून. उंची १६८, वजन ५८, पळतो चांगला. मुंबई पुणे कुठेही चालेल. कोणी आतलं असेल तर सांगा प्लीज.

हौजवाला
मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात १४ वर्षं आहे, आधी फायरमन, आता तांडेल, म्हणजे फायरमनच्या टीमचा म्होरक्या. पहिलं म्हणजे ते ४५ हजार खिशातच राहू द्या. तो डिप्लोमा अगदीच फुकट नसतो, कंपनीत नाहीतर साइटवर सेफ्टीचं काम लागतं कधीमधी, पण महापालिका जो कोर्स मागते तो हा नव्हे. राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा ६ महिन्यांचा कोर्स मागतात, ते केंद्र मुंबईत कालिन्याला, विद्यानगरीत. पुण्याने २०२३ मध्ये फायरमनच्या २०० जागा काढल्या, नंतर पिंपरी चिंचवडने १५०, दोन्हीकडे दहावी, हा ६ महिन्यांचा कोर्स आणि एमएससीआयटी. कागदपत्र तपासणीला पोरं येतात, फाइलमध्ये चकचकीत सर्टिफिकेट, होलोग्राम बिलोग्राम सगळं, आणि टेबलावरूनच परत जातात. बघवत नाही हो, काहींच्या बापाने त्यासाठी जनावर विकलेलं असतं.

कालिन्याच्या आत्तापर्यंतच्या जाहिरातींत दहावीला ओपनसाठी ५० टक्के, वय १८ ते २३, उंची १६५, वजन ५०, छाती ८१ आणि फुगवून ८६ असं होतं. तुमचा भाऊ बसतो यात. यंदाची जाहिरात येईल ती मात्र स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरची इमेज नको.

बार्शीचा_थोरला
खूप खूप आभार दादा. पण मुंबईला म्हणे कोर्सच लागत नाही? इथल्या एकाने सांगितलं बारावीवर डायरेक्ट घेतात.

हौजवाला
बरोबर सांगितलं त्याने, फक्त अर्धंच. मुंबईची ९१० जागांची भरती झाली तेव्हा बारावीला ५० टक्के होते की मैदानात उभं राहता येत होतं, ट्रेनिंग निवड झाल्यावर दलच देतं. पण पुरुषांना उंची १७२ होती. तुमचा १६८ वाला पहिल्याच टेबलवर बाहेर. लटकून लटकून चार सेंटीमीटर वाढत नाहीत आणि त्याच्या गोळ्या विकणाऱ्यांच्या तर नादालाच लागू नका. म्हणून म्हणतो कालिना.

दहिसरची_उडी
मी होते त्या भरतीला, २०२३ च्या फेब्रुवारीत, दहिसरच्या मैदानावर. मुलींना १६२ उंची होती, माझी १६३, थोडक्यात वाचले. भावाला एक सांगा, पोलीस भरतीची सवय असेल तर नुसतं पळण्यावर जाऊ नकोस. इथे १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडात, उडी असते. खालून बघताना वाटतं हॅ एवढंच, वर गेल्यावर ती शीट रुमालाएवढी दिसते आणि मागचा म्हणतो चला ताई पटकन. उभं पडायचं नाही, बसल्यासारखं पाय पुढे घेऊन पाठीवर जायचं, हे मला कोणी आधी शिकवलंच नव्हतं, रांगेतल्या एका मुलीने सांगितलं. उडी जमली, पण ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेताना कंबर गेली आणि मी राहिले. मेलेलं वजन वेगळंच असतं, जिममधल्या बारसारखं धरता येत नाही, सगळीकडून लोंबतं. गावाकडे आहे तर सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन जिने चढ म्हणावं, खरंच सांगते.

नागपुरी_काका
थोडं वेगळं सुचवतो. पोरगा पदवी पूर्ण करणार असेल तर उपअधिकारी कोर्सचा विचार करा, तो कालिन्यालाही आहे आणि आमच्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातही. आमचं कॉलेज १९५६ पासूनचं, भारतातली पहिली महिला फायरफायटर हर्षिनी कान्हेकर इथलीच. आणि हेवी लायसन्स काढून ठेवा, चालक यंत्रचालकाच्या जागा वेगळ्या निघतात, तिथे गर्दी कमी असते असा माझा अंदाज.

बार्शीचा_थोरला
काका, पदवीला तीन वर्षं थांबायची घरची तयारी नाही, पण लायसन्सचं डोक्यात ठेवतो. हौजवाला दादा, आईला वाचून दाखवायचंय, रोजचं काम नेमकं काय असतं?

हौजवाला
आईंना सांगा रोज आग नसते. आमच्यात कॉलला वर्दी म्हणतात. मागच्या आठवड्यातल्या माझ्या वर्द्या: मांजात अडकलेली घार, लिफ्टमध्ये अडकलेले आजोबा (बाहेर आल्यावर आधी भाजीची पिशवी मागितली), रस्त्यावर सांडलेलं ऑइल, रिक्षावर पडलेलं गुलमोहराचं झाड, आणि विहिरीतून काढलेली एक बॉडी, त्याबद्दल लिहीत नाही. पोहता येत नसेल तर आत्ताच शिकायला घाला.

आग लागते तेव्हा मात्र गंमत नसते. हौजमध्ये (पाण्याच्या पाइपमध्ये) पाणी आलं की ब्रँच, म्हणजे पुढचं तोंड, असा झटका देते की नवा पोरगा दोन पावलं मागे जातो, म्हणून त्याच्या पाठीला खांदा लावून एक जुना उभा असतो. धुरात आपलाच हात दिसत नाही, हाताची मागची बाजू भिंतीला घासत सरकायचं, पुढचा तळवा कधीच नाही, उघडी वायर लागली तर तळवा तिला धरून बसतो. बीए सेटमधली (पाठीवरच्या श्वासाच्या सिलिंडरमधली) हवा संपत आली की शिट्टी वाजते, तेव्हा समोर काहीही असो, मागे फिरायचं. मी एकदा दोन मिनिटं उशिरा फिरलो होतो, तांडेलने दारात कानफटात दिली. आज मी तांडेल आहे तर कळतं का दिली ते.

धोका नाही असं आईंना खोटं सांगणार नाही. १४ एप्रिलला आम्ही मानवंदना देतो ती १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना, आणि २०१५ ला काळबादेवीच्या आगीत चार अधिकारी गेले, ते तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. पण पगार वेळेवर येतो, आणि दिवाळीत घरी नसतो एवढी एकच तक्रार माझ्या बायकोची आहे.

बार्शीचा_थोरला
वाचून दाखवलं. आई गप्प बसली, मग म्हणाली पोहायला कुठं घालायचा. आज सकाळी उठल्या उठल्या चौकटीला टेकवून उंची मोजली, १६७.५ भरली. एक सांगायचं राहिलं, त्या इन्स्टिट्यूटमध्ये ५ हजार ॲडव्हान्स भरून बसलाय तो. परत मिळतील का?

हौजवाला
१६५ च्या वर आहे ना, मग झालं. पावती आहे का? असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोचवर सही शिक्का घ्या, तोंडी बोलत बसू नका. सही देईनात तर स्पीड पोस्टाने पाठवा. उद्या सकाळपासून ड्यूटी आहे, परवा बघतो धागा.