मदत हवी आहे: सिंकच्या पाइपात स्प्रिंग पुढे जात नाही

मंडळी, स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलंय. खालचा बॉटल ट्रॅप (बाटलीसारखी वाटी) उघडला, तेलाचा पांढरट थर आणि चहाचा चोथा निघाला, पण पाणी अजून चढतंच. म्हणजे चोक भिंतीतल्या पाइपात. पाइप पीव्हीसीचा, दीड इंची. हार्डवेअरवाल्याकडून चोक काढायची हँडलची 5 मीटर स्प्रिंग आणलीय. ती पहिल्याच एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, थटते. जोर लावला की पुढे सरकायचं सोडून सिंकखालीच वेटोळं घालते. फिरवत ढकलायची की मागेपुढे करत? की बाहेरच्या टी-जॉइंटचं (तीन तोंडी जोडाचं) झाकण काढून उलट्या बाजूने घालू? अ‍ॅसिड नकोच, चोक सुटला नाही तर तेच पाणी अंगावर यायचं. शेजारचे काका म्हणतात, उकळतं पाणी ओत. पीव्हीसीला ते सोसेल का? अनुभवी लोकांनी सांगा, सध्या भांडी न्हाणीघरात घासतोय.