वॉर्डातले १२ नवीन पथदिवे : जागा सुचवा (सोमवारपर्यंत यादी द्यायची आहे)

सचिव (ए-४०१): नमस्कार मंडळी. नगरसेवकांचा फोन होता. आपल्या वॉर्डासाठी १२ दिवे मंजूर झालेत. जागा तुम्हीच सुचवा म्हणाले, सोमवारी सकाळी लेखी यादी हवी. कुणाला कुठे गरज वाटते ते इथेच लिहा.

सी-१०२: आधी आपल्या गेटसमोर दोन.

बी-२०४: मंदिर चौकात हायमास्ट (उंच खांबावर बरेच मोठे दिवे असतात तो) मागू. उत्सवात केवढी गर्दी असते तिथे. चौकाची शोभाही वाढेल.

ए-२०३: हायमास्टला माझाही पाठिंबा.

बी-३०१ (वहिनी): मी जरा सविस्तर लिहिते. दुपारपाळी संपवून रात्री साडेनऊला मी दवाखान्यातून चालत येते. मंदिर चौकात दुकानांचे बोर्ड आहेत, मेडिकल आहे, रसवंती आहे. तिथे आत्ताच लख्ख उजेड असतो. अंधार सुरू होतो पाण्याच्या टाकीपासून. टाकी ते कॅनॉलचा पूल एकही दिवा लागत नाही. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला गटार, त्याची दोन झाकणं गायब आहेत. क्लासच्या मुली साडेआठला तिथूनच येतात, एकमेकींसाठी थांबून, घोळक्याने. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना कुणीतरी न्यायला येतं. एका मुलीच्या घरी तसं कुणी नाही. तिने क्लास सोडला, तिच्या आईने मला स्वतः सांगितलं. तेव्हा यादी करताना रात्री पायी कोण जातं आणि कुठून जातं, हे आधी बघू या. कार आणि बाइकला स्वतःचा दिवा असतो.

सी-१०२: वहिनी, हे ठाऊकच नव्हतं. गेटचे दोन राहू द्या, गेटवर सोसायटीचा दिवा आहेच.

ए-१०४ (काका): वहिनींचं म्हणणं अगदी खरं आहे. माझी अख्खी नोकरी विजेच्या खांबांवर काम करण्यात गेली, म्हणून थोडं सांगतो. हायमास्टवर २०० वॉटचे ८ फ्लड (मोठ्या झोताचे दिवे) धरले तर १६०० वॉट होतात. तेवढ्या विजेत ४५ वॉटचे ३५ एलईडी दिवे चालतात. ४५ वॉटचा एक दिवा रात्री ११ तास जळला तर वर्षाला साधारण १८० युनिट, आणि तो हायमास्ट ६४०० च्या वर. बिल शेवटी नगरपरिषदच भरते, म्हणजे आपल्याच घरपट्टीतून. दुसरं असं की झगझगीत चौकातून माणूस अंधाऱ्या बोळात शिरला की त्याला काही वेळ काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला मिनिटं लागतात आणि बोळ तर मिनिटभरात संपतो. एका जागी खूप उजेड करण्यापेक्षा सगळीकडे सारखा, बेताचा उजेड बरा.

बी-२०४: काका, पटतंय. पण उत्सवाच्या रात्रींचं काय?

ए-१०४ (काका): त्या रात्रींपुरते फ्लड लावता येतात, मंडळ तेच करत आलंय. वर्षभर रोज रात्री तिथे तेवढा उजेड कशाला?

ए-३०२: टाकी ते पूल म्हणजे जवळजवळ ४०० मीटर. १२ दिवे पुरतील का?

ए-१०४ (काका): सात मीटरच्या खांबाला साधारण पंचवीस मीटरचं अंतर धरतात. त्या हिशेबाने १६-१७ लागतात. पण त्या रस्त्याला महावितरणची लघुदाब लाइन (घरांना वीज देते ती) आहे आणि तिचे खांब उभेच आहेत. त्यांवर नेहमीच्या चार तारांशिवाय (तीन फेज आणि न्यूट्रल) पथदिव्याची वेगळी तार ओढलेली असेल, तर नवा खांब, पाया, केबल काहीच लागत नाही. ब्रॅकेट (दिवा धरणारा लोखंडी हात) आणि फिटिंग (दिव्याचा संच) बसवलं की झालं. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून अर्जात नुसतं '१२ दिवे' लिहू नका. 'अमुक जुन्या खांबांवर फिटिंग, अमुक ठिकाणी नवा खांब' असं वेगवेगळं लिहा. त्याच मंजुरीत जास्त दिवे बसतील.

आणि बंद दिवे या १२ मध्ये मोजू देऊ नका. रस्त्यावरची दिवाबत्ती हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. दुरुस्तीचा अर्ज वेगळा, खांबाच्या नंबरसकट.

सी-३०३: एक अडचण मांडतो. पुलाजवळ रस्त्याला लागून आमच्या भावकीचं सोयाबीन असतं. पूर्वी तिथे एक दिवा रात्रभर जळायचा. त्याच्या खालचा पट्टा शेंगा न धरता हिरवाच राहायचा. बाकीचं रान काढणीला आलं तरी तो तसाच उभा. काकांनी यावर काही सुचवावं.

ए-१०४ (काका): सोयाबीनला फुलावर यायला लांब रात्र लागते. शेवंतीवाले बल्ब लावून फुलं लांबवतात, तेच इथे नकळत होतं. सपाट काचेचं फिटिंग घ्यायचं, तोंड रस्त्याकडे, वर न उचलता अगदी सरळ खाली. शेताच्या बाजूला पत्र्याची आड. दिवा बंद ठेवायची गरज नाही.

बी-१०३ (काकू): आमच्या बेडरूमच्या खिडकीवर आत्ताचा दिवा थेट येतो. मेणकापडाचा पडदा लावलाय. त्याचंही काही तरी करा.

ए-१०४ (काका): काकू, त्यालाही तीच आड बसवता येईल. शिवाय पांढराफेक मागू नका, पिवळसर मागा. डोळ्यांना त्रास कमी आणि किडेही कमी येतात. पेंचच्या जंगलाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (रात्रीचं आकाश काळोखं राखलेल्या जागेचा) दर्जा मिळाला, तिथेही दिवे असेच खाली तोंड करून बसवलेत.

जागांबद्दल आणखी तीन गोष्टी. टाकीजवळच्या वळणावर खांब बाहेरच्या कडेला हवा, म्हणजे रस्ता कुठे वळतो ते लांबून कळतं. शाळेच्या बोळाचा रस्ता मेन रोडला मिळतो, तिथे दिवा बोळाच्या बरोबर समोर. आणि झेब्रा क्रॉसिंगवर दिवा अगदी डोक्यावर नको. गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, क्रॉसिंगच्या थोडा अलीकडे. मग ड्रायव्हरला माणसाची नुसती काळी आकृती न दिसता चेहरा-कपडे दिसतात.

ए-२०३: सोलर दिवे का नकोत? तार नको, बिल नको.

ए-१०४ (काका): लाइन नाही तिथे जरूर. पण झाडीखाली पॅनल चार्ज होत नाही, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायला कुणी येत नाही. पुलाच्या पलीकडे लाइन नाही, तिथे दोन मागू.

बी-३०१ (वहिनी): नकाशावर खुणा करण्याआधी एकदा सगळे रात्री चालून बघू. मुलींनाही बरोबर घेऊ, कुठे पाऊल अडखळतं ते त्याच दाखवतील. कडुलिंबाच्या फांद्यांनी झाकलेला दिवा दिवसा बघितला तर ठीकच वाटतो.

सचिव (ए-४०१): ठरलं. शनिवारी रात्री साडेआठला गेटवर जमायचं. सी-३०३, टेप घेऊन या. बंद खांबांचे नंबर कोण लिहून घेणार?

बी-२०४: मी घेतो. आणि मंदिरामागच्या बोळातही चला, आजीमंडळी काकड्याला पहाटे तिथूनच येतात.

ए-१०४ (काका): तो बोळ यादीत धराच. तिथे दोन भिंतींमध्ये खांब मावणार नाही, भिंतीवरचं ब्रॅकेट लागेल. घरमालकाची लेखी संमती आधी घ्या.

बी-२०४: घरमालक ओळखीचे आहेत. आजच विचारतो.