पीएचडीचा गाइड निवडताना एच-इंडेक्सवर किती भिस्त ठेवावी?

प्राजक्ता_नागपूर
नमस्कार. नागपूर विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाली, नेट निघाली. आता इम्युनॉलॉजीत पीएचडी करायची आहे. एका सरांचा गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांचे संदर्भ किती जणांनी दिले, यावरून काढलेला आकडा) 41 आहे, दुसऱ्या एका मॅडमचा 14. मॅडम सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या रुग्णांच्या रोगप्रतिकारशक्तीवर काम करतात. माझ्या मावसभावाला सिकलसेल आहे. प्लीहा काम करेनाशी झाली की साधा न्यूमोनियाही कसा जिवावर उठतो, ते घरात पाहिलंय. पण घरचे आणि सीनियर म्हणतात, आकडा मोठा तिकडे जा. मी रोज यावरच विचार करून राहिली आहे. सरांचं काम खरंच तिप्पट चांगलं आहे का?

लॅबवाला_धरमपेठ
पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) बाहेर जायचं असेल तर सरांकडेच जा. शिफारसपत्र कोणाचं आहे हे लोक बघतात. विषय नंतर बदलता येतो.

अनुराधा_रामदासपेठ
प्राजक्ता, हा आकडा काय मोजतो ते आधी बघ. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो 2005 मध्ये मांडला. 14 म्हणजे किमान 14 सायटेशन्स (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) मिळालेले 14 पेपर. पेपरांची सायटेशन्स साचत जातात, म्हणून जुन्या माणसाचा आकडा मोठाच दिसतो. शिवाय कॅन्सर इम्युनोथेरपीवर जगभर लिहितात, सिकलसेलवर त्या मानाने थोडे. लिहिणारेच कमी, तर सायटेशन्स येणार कुठून?

आज सरांची यादी वरून वाच. वरच्या चार-पाच पेपरांत 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'सारखे अभ्यास आहेत का? लॅन्सेटमधल्या त्या पेपरांवर शेकडो लेखक असतात आणि सायटेशन्स हजारोंनी. ते कामही मोलाचं आहे, पण सरांच्या लॅबमध्ये काय चालतं ते त्यातून कळत नाही. ते बाजूला ठेव आणि ज्यांत सरांचं नाव शेवटी आहे ते पेपर काढ. आमच्या क्षेत्रात शेवटचं नाव बहुधा लॅब चालवणाऱ्याचं असतं, पहिलं हाताने प्रयोग करणाऱ्याचं. ती पहिली नावं विद्यार्थ्यांची आहेत का? ते विद्यार्थी आज कुठे आहेत?

मॅडमना माहेरच्या नावानेही शोध. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नावही बदलतं, आणि एकाच बाईचं काम दोन नावांत विभागलं जातं. माझे सुरुवातीचे पेपर मला माझ्या पानावर एकेक करून जोडावे लागले होते.

आणि मेरी ब्रन्को यांच्याबद्दल वाच. 2025चं वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी त्या एक. त्या आणि त्या तिघांपैकीच फ्रेड रॅम्सडेल तेव्हा कंपनीत काम करत होते. 'स्कर्फी' नावाच्या आजारी उंदरांमध्ये फॉक्सपी3 जनुक बिघडलेलं असतं, हे त्यांनी 2001 मध्ये दाखवलं. दोन वर्षांनी तिघांपैकी तिसरे, साकागुची यांनी त्याच जनुकाचा नियामक टी पेशींशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींशी, संबंध सिद्ध केला. ब्रन्को यांच्या नावावर पेपर मोजकेच आहेत.

प्राजक्ता_नागपूर
काकू, पाहिलं. सरांचे वरचे तीन पेपर तसलेच निघाले. पण त्यांच्या स्वतःच्या लॅबचेही चांगले आहेत, ते मान्य करावंच लागेल. मॅडमकडच्या पेपरांत पहिली नावं वेगवेगळ्या विद्यार्थिनींची आहेत, आणि जुन्या नावाने आणखी चार पेपर सापडले. फक्त त्यांच्याकडे फ्लो सायटोमीटर (पेशी मोजून ओळखणारं मशीन) नाही. नमुने घेऊन दुसऱ्या संस्थेत जावं लागतं.

अनुराधा_रामदासपेठ
हे बरं सांगितलंस, यावर पाच वर्षं अवलंबून आहेत. मॅडमना स्पष्ट विचार: मशीनचा स्लॉट महिन्यातून किती वेळा मिळतो, त्याचे पैसे कोणत्या प्रोजेक्टमधून जातात, नमुने ताजेच चालवायचे की पेशी गोठवून ठेवायच्या? मे महिन्यात नागपुरातून रक्त नेताना डबा कसला वापरतात, तेही विचार. न्यूट्रोफिलवर (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) काम असेल तर ते गोठवून टिकत नाहीत, रक्त काढल्यावर काही तासांतच बघावे लागतात. आणि त्या विद्यार्थिनींपैकी एकीला वेगळा फोन कर, मॅडमच्या अपरोक्ष. मशीनची खरी परिस्थिती तीच सांगेल.