अनुभव धागा: लोंढा जंक्शन आणि आसपासची गावं

बेळगाव, हुबळी आणि गोवा या तिन्हीकडचे रूळ मिळतात म्हणून खानापूरच्या जंगलात लोंढा वाढलं. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई-गोव्याच्या प्रवाशाला इथून जायचं कारण उरलं नाही. ज्यांचा या भागाशी संबंध आला त्यांनी लिहा. नुसतं 'गेले ते दिवस' नको.

क्वार्टर्सवाली
वडील रेल्वेत. आमच्या ओळीत मराठी, कन्नड, कोंकणी, तमिळ, सगळी घरं. भांडण मात्र हिंदीत. इथले रूळ मीटरगेज म्हणजे अरुंद असताना मुंबईची माणसं मिरजेला गाडी बदलून यायची, लोंढ्यापर्यंत भुकेनं कावलेली. गाडी निवांत उभी राहायची, म्हणून फलाटावरच्या चहा-वड्यावर कितीतरी चुली पेटायच्या. लेट झाली की आमचीही जेवणं लेट, कारण शेजारच्या काकू तिकडेच विकायला बसलेल्या आणि आमचा डबा त्यांच्याकडे!

कॅसलरॉककर
आमचे आजोबा हमाल. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा सीमेच्या अलीकडे कॅसलरॉक स्टेशन, पलीकडे कुळे, दोन्हीकडे सामानाची झडती. तपासणी म्हणजे पेट्या उतरवणं-चढवणं, म्हणजेच मजुरी. १९५५ला भारतानं केलेल्या गोव्याच्या नाकेबंदीत गाडी बंद पडली आणि हमाली बसली. आजोबा अळणावरला लाकडाच्या वखारीत लागले. १९६१ला गोवा मुक्त झाला तरी तो झडतीचा धंदा काही परत आला नाही. सीमा गेली त्याचा आनंद होताच, पण घरात त्याबद्दल कुरकुरही ऐकलीय.

सुपेकर
उलटी बाजू सांगतो. सुपा धरणात घर गेलं, आम्ही रामनगरला आलो. लोंढ्यात दुकान घ्या, स्टेशन आहे, असं सगळे सांगायचे. बाबांनी ऐकलं नाही, बेळगाव-पणजी रस्त्यावर हॉटेल टाकलं. ट्रकवाल्याला टाइमटेबल नसतंय, भूक लागली की थांबतोय, हा त्यांचा हिशेब. बरोबर निघाला. पुढं रुंदीकरणासाठी रस्ता खोदून ठेवला तेव्हा मात्र गिऱ्हाईकाऐवजी चिखलच आत यायचा.

क्वार्टर्सवाली
@सुपेकर, तुमचं हॉटेल नाक्याजवळचं काय ओ? मग आमच्या लोंढ्याची निम्मी पोरं तुमच्याकडंच भजी खायला यायची की! स्टेशनातली महाग पडायची.